ईटनव्हिलची ओसरी आणि आमची गजाल

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी, मालवण तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात, वाचनालयाच्या पडवीत साठ-सत्तर माणसे चटयांवर बसली होती आणि बाजारातून मासे विकून नुकत्याच परतलेल्या एक काकी त्यांना वारा आणि दर्या यांच्या भांडणाची गोष्ट मालवणीतून सांगत होत्या. ही गोष्ट आमच्या किनाऱ्यावरची नव्हे. ती अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या कृष्णवर्णीय माणसांची आहे. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने ती त्यांच्याकडून ऐकली, लिहून घेतली आणि १९३५ साली ‘म्यूल्स अँड मेन’ या आपल्या लोककथांच्या पुस्तकात छापली. त्या संध्याकाळी आम्ही झोराच्याच आठवणीसाठी जमलो होतो. कोकणातल्या एका वाचनालयाला हे का करावेसे वाटले आणि करताना आमच्या हाती काय लागले, ते विसरण्यापूर्वी नोंदवून ठेवावे म्हणून हा लेख लिहिते आहे.

झोराचे नाव आमच्याकडे आले ते माझ्या भाचीमुळे. ती नोकरीनिमित्त ऑरलँडोला राहते आणि त्या शहराच्या उत्तरेला जवळच ईटनव्हिल हे छोटेसे गाव आहे. तिथे जानेवारीत झोराच्या नावाने कलामहोत्सव भरतो. भाची पहिल्यांदा तिथे जाऊन आली तेव्हा तिने मला फोनवर बरेच काही सांगितले, पण त्यातले एक वाक्य मनात घर करून राहिले. ती म्हणाली, "मावशी, मला आपल्या जत्रेत गेल्यासारखं वाटलं गो. लेखिकेचा उत्सव वाटलाच नाही, गावाचाच वाटला." लेखकाची जयंती म्हटले की आपल्याकडे मंच, समई, तसबिरीला हार आणि एकामागून एक भाषणे हे चित्र इतके पक्के झाले आहे की, लेखकाचा उत्सव जत्रेसारखा असू शकतो, ही कल्पनाच मला नवी होती. मग मी झोराची पुस्तके मागवली आणि पुढचे वर्षभर सावकाश वाचत राहिले.

ईटनव्हिलची नगर म्हणून स्थापना १८८७ साली झाली. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेल्या आणि स्वतःच कारभार चालवलेल्या त्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या नगरांपैकी ते एक. झोराचा जन्म ७ जानेवारी १८९१ रोजी अलाबामा राज्यातल्या नोटासल्गा इथे झाला. परंतु ती लहान असतानाच घरचे सगळे ईटनव्हिलला आले आणि ती जन्मभर आपले गाव म्हणून ईटनव्हिलचेच नाव सांगत राहिली. तिचे वडील सुतारकाम करत, चर्चमध्ये प्रवचन देत आणि पुढे ते गावाचे नगराध्यक्षही झाले. या गावात जो क्लार्क यांचे किराणा दुकान होते. संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे त्या दुकानाच्या ओसरीवर बसत आणि देव, सैतान, मगर, कोल्हा, मालक आणि गुलाम यांच्या गोष्टी रचून सांगत. त्या गोष्टींना ती माणसे स्वतःच थापा म्हणत. मीठ किंवा साखर आणायला आईने पाठवलेली लहानगी झोरा मुद्दाम पाय ओढत चाले आणि ऐकत राही. हे वाचताना मला त्या ओसरीवरच्या गप्पांसाठी दुसरा शब्द शोधावा लागला नाही. आम्ही त्यांना गजाल म्हणतो. दुकानाच्या बाकावर, देवळाच्या पेळेवर, होडीच्या सावलीत बसून आमची माणसे जे करतात तेच ती माणसे करत होती.

ईटनव्हिलचा महोत्सव सुरू कसा झाला, ते कळल्यावर तर मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले. १९८७ साली, म्हणजे गावाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, गावामधून जाणारा मुख्य रस्ता पाचपदरी करण्याची योजना तिथल्या जिल्हा प्रशासनाने पुढे आणली. तसे झाले असते तर गाव मधोमध चिरले गेले असते. गावकऱ्यांनी संघटना उभी केली, आणि आपल्या गावाचे मोल बाहेरच्यांना पटवून द्यायचे तर आपल्याच गावच्या लेखिकेला पुढे आणले पाहिजे, हे ओळखले. १९९० च्या जानेवारीत पहिला महोत्सव भरला आणि त्याच वर्षी झोराच्या नावाने एक छोटे कलासंग्रहालयही सुरू झाले. रस्ता रुंद झाला नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांच्या गावाचे रूप पालटले त्यांना हे वेगळे सांगायला नको. माझे माहेर त्या महामार्गालगत आहे. तिथल्या तिठ्यावर एक दुकान होते आणि दुकानापुढे दोन बाकडी होती. माझ्या वडिलांच्या पिढीने गावाच्या सगळ्या बातम्या, सगळे वाद आणि भुताखेतांच्या सगळ्या कथा त्या बाकड्यांवर ऐकल्या. दुकानाची भरपाई मालकाला मिळाली. बाकड्यांची मोजणी कोणत्याच पंचनाम्यात झाली नाही. रस्ता नको होता असे मी म्हणत नाही. त्या जुन्या रस्त्यावर आमच्या ओळखीची किती माणसे अपघातात गेली, ते आम्हाला ठाऊक आहे. पण काय जाते आहे, ते आम्हाला वेळेवर म्हणताही आले नाही, ही खंत मात्र आहे.

वाचनालयाच्या बैठकीत मी हा विषय मांडला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारले, "ती आपली कोण लागते?" प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर मराठीतच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. शंभर वर्षांनी मुंबईतल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले तेही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडे पाहूनच. आणि याहून जवळचा एक धागा आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच कोकणात, मंडणगड तालुक्यात आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. हे गोल्डनवायझर मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या बर्नार्ड कॉलेजात झोरा शिकायला आली आणि त्याच बोआस यांच्या हाताखाली तयार झाली. बाबासाहेबांची आणि झोराची गाठ पडल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. पण वंशावरून माणसाचा कमीअधिकपणा ठरत नाही, हे ठामपणे शिकवणाऱ्या एकाच परंपरेच्या जवळ दोघेही बसून गेले, एक कोकणातल्या मुळाचा आणि एक ईटनव्हिलची.

या बोलण्यानंतर कार्यक्रमाची जागाही ठरली. आधी देवळाच्या सभामंडपाचे नाव पुढे आले होते, कारण तिथे पंखे आहेत आणि पाचशे माणसे बसू शकतात. पण त्या मंडपात सगळ्या वाड्यांची माणसे मोकळेपणाने पाय पसरून बसतील का, असा प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला आणि थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. शेवटी वाचनालयाची पडवी ठरली. ती लहान आहे, छपराची दोन कौले फुटलेली आहेत, पण तिथे कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर, हे ठरलेले नाही. तो निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते. बौद्धवाडीतल्या बायका आल्या आणि त्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटल्या. त्याच गावात चाळीस वर्षे संसार करून मी त्या ओव्या पहिल्यांदा ऐकल्या.

तयारीचे दोन महिने मला फार शिकवून गेले. बर्नार्डमध्ये शिकत असतानाच झोरा १९२७ साली लोककथा गोळा करायला दक्षिणेत परत गेली तेव्हा पहिल्या खेपेला तिच्या हाती फारसे काही लागले नाही. महाविद्यालयात कमावलेल्या घोटीव उच्चारांत ती माणसांना विचारी की, आपल्याला काही लोककथा किंवा लोकगीते येतात का, आणि ज्यांच्या ओठांवर शेकडो गोष्टी होत्या ती माणसे मान हलवून नाही म्हणत. हे वाचूनही मी तीच चूक केली. हातात मोबाइल धरून, शुद्ध मराठीत, मी वाडीवाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरले. त्या चहा देत, माझ्या मुलांची चौकशी करत आणि म्हणत, "आमका काय येता गो?" एके दिवशी मी मोबाइल घरी ठेवला आणि एका अंगणात सुके नारळ फोडायला बसलेल्या बायकांमध्ये कोयती घेऊन बसले. पाऊण तास नुसते काम चालले. मग एकीने आपल्याशीच गुणगुणायला सुरुवात केली, दुसरीने तिची ओळ उचलली, आणि तिसरीने दोघींना थांबवून सांगितले की, ती ओळ तशी नाही.

झोरानेही पुढे हाच मार्ग धरला. १९३९ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये तिच्या आवाजातली गाणी ध्वनिमुद्रित करण्यात आली आणि ती आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहेत. गाणी कशी शिकलात, असे तिला तिथे विचारले आहे. तिचे सांगणे असे की, ती गर्दीत मिसळते, लोक गातात तेव्हा ऐकते, हळूहळू एखाददुसरी ओळ त्यांच्याबरोबर म्हणू लागते आणि मग सगळे गाणे त्यांनाच म्हणून दाखवते. ते बरोबर झाले असे लोक म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणते. संशोधनाची याहून नम्र रीत मला माहीत नाही. गाणे बरोबर आहे की चूक, हे ठरवणारे गाणारेच.

कार्यक्रमाची सुरुवात भाषणाने करायची नाही, एवढे मी आधीच मागून घेतले होते. गावातल्या एका ज्येष्ठ मानकऱ्यांनी उभे राहून गाऱ्हाणे घातले. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवाला हाक मारून त्यांनी सांगितले की, सातासमुद्रापलीकडच्या एका लेकीचे नाव आज आम्ही घेत आहोत, तिने आपल्या माणसांची बोली जपली तशी आम्हालाही जपण्याची बुद्धी दे. प्रत्येक मागणीनंतर सगळी पडवी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मी त्याआधी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या प्रवचनांविषयी वाचले होते. तिथे प्रवचनकार एक वाक्य टाकतो आणि समोरचा समुदाय ते झेलून त्याला उत्तर देतो. झोराचे बालपण अशाच प्रवचनांत गेले आणि तिने ती शब्दशः उतरवून आपल्या लेखनात वापरली. हे मला वाचून कळले होते. "व्हय म्हाराजा" ऐकताना ते अंगावर आले.

त्यानंतर झोराच्या आवाजातली ती जुनी गाणी लावली. त्यातली काही रेल्वेच्या मजुरांची आहेत. रूळ जागेवरून सरकले की ते सरळ रेषेत आणावे लागतात आणि त्यासाठी सगळ्यांनी पहारी लावून एकाच क्षणी जोर करावा लागतो. तो क्षण गाणे ठरवते. आवाज खरखरीत होता आणि इंग्रजी शब्द कोणालाच नीट कळत नव्हते. इतक्यात कोकण रेल्वेवर ट्रॅकमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. पडवीच्या कोपऱ्यात झाडांसाठी खड्डे खणायची पहार उभी होती, ती त्यांनी घेतली, पायऱ्या उतरून अंगणातल्या जांभ्या दगडाखाली तिचे टोक घातले आणि गाण्यातला हुंकार ज्या ठिकाणी येत होता त्या ठिकाणी बरोबर जोर देऊन दाखवला. दगड हलला. "शब्द कळूक नको, जोर खय द्यायचो ता कळता," असे म्हणून ते जागेवर येऊन बसले. रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणारे दोघे-तिघे मागे बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. झोराने १९३२ साली न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात अशाच मजुरांच्या एका दिवसाचा, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा, गाण्यांचा प्रयोग उभा केला होता. तो पाहणाऱ्यांना काय वाटले असेल, याची थोडी कल्पना मला त्या पहारीमुळे आली.

मग काकींची गोष्ट. मूळ कथेत वारा आणि पाणी या दोन बायका आहेत. दोघी गप्पा मारायला बसतात तेव्हा वारा आपल्या मुलांचे कौतुक सतत सांगत राहते, आणि पाणी त्याला इतकी विटते की, वाऱ्याची मुले तहान लागून पाणी प्यायला आली तेव्हा ती त्यांना पोटात ओढून घेते. मी हे काकींना समजावून सांगत होते तेव्हाच अडचण आली, कारण आपल्या भाषेत वारा पुरुष आणि दर्याही पुरुष. मी पर्याय शोधत बसले होते. काकींना त्याची गरज पडली नाही. त्या म्हणाल्या की, वारा पुरुष असला तरी वावटळ बाईच आहे, आणि दर्याच्या पोटात एवढे राहते तर तोही आजच्यापुरता बाईच. वावटळबाय आणि दर्याबाय. पडवीत हे नाव घेताच बायकांमध्ये हसू पसरले आणि गोष्ट त्यांची झाली. शेवटी मुलांना शोधत वावटळबाय दर्यावरून हाका मारत फिरते आणि प्रत्येक हाकेला मुलांच्या डोक्यावरची पांढरी पिसे पाण्यावर येतात. वारा सुटला की लाटांवर जो पांढरा फेस दिसतो तो तोच. काकींनी इथे आवाज खाली आणला आणि मुलांना एकेका नावाने हाक मारली. ती नावे पुस्तकात नाहीत. ज्या घरांतून दर्यावर गेलेली माणसे परत आलेली नाहीत, अशी घरे आमच्या वाडीत आहेत. पडवीत कोणी हालले नाही.

झोराने आपली पात्रे ईटनव्हिलच्या बोलीत बोलती ठेवली आणि त्यासाठी तिने बोलणी खाल्ली. तिची सर्वांत गाजलेली कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा रिचर्ड राइट या तितक्याच मोठ्या कृष्णवर्णीय लेखकाने टीका केली की, ही बोली गोऱ्या वाचकांच्या करमणुकीसाठी आहे. ही टीका मी सहज बाजूला सारू शकत नाही. मालवणी बोलणारे पात्र नाटकात आले की ते काही बोलण्याआधीच प्रेक्षक हसायला लागतात, हा अनुभव आमचाही आहे. शाळेत असताना "माका" म्हटले म्हणून मला वर्गाबाहेर उभे केले गेले होते. ते वर्गावरच्या बाई वाईट होत्या म्हणून नव्हे, तर आमचे भले शुद्ध भाषेतच आहे असे त्यांना मनापासून वाटे म्हणून. मात्र त्या बोलीत रडता येते, भांडता येते, देवाला जाब विचारता येतो, हे दाखवण्याचा मार्ग ती लपवणे हा नसून तिच्यातून सगळे लिहिणे हाच आहे, असे मला झोरा वाचून वाटते. तिची सगळीच मते मला पटतात असेही नाही. शाळांमधला वर्णभेद रद्द करणाऱ्या निकालाला तिने १९५५ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून विरोध केला होता. आपल्या माणसांच्या शाळा गोऱ्यांच्या शाळांपेक्षा कमी का मानायच्या, असा तिचा रोख होता. आमच्या बैठकीत यावर एक पूर्ण संध्याकाळ वाद झाला आणि तो मिटला नाही.

शेवटची वर्षे तिने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट पिअर्स या गावात काढली. २८ जानेवारी १९६० रोजी तिथल्या निराधारांच्या शासकीय आश्रमात ती वारली. अंत्यविधीसाठी वर्गणी काढावी लागली आणि थडग्यावर दगड बसवण्यापुरते पैसे उरले नाहीत. तिच्या घरातले सामान आवरताना कागदपत्रे जाळायला काढली होती. तिच्या ओळखीचा एक पोलीस अधिकारी तिथून जात होता, त्याने आग पाहिली आणि विझवली. कडा जळालेली ती पाने आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत. १९७३ साली ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका फोर्ट पिअर्सला आली, आपण झोराची भाची आहोत असे सांगून तिने लोकांना विचारले, कमरेएवढ्या गवतात शिरून थडग्याची जागा शोधली आणि तिथे दगड बसवला. त्या दगडावर झोराचे जन्मवर्ष दहा वर्षांनी चुकले आहे, कारण झोराच आपले वय कमी सांगत असे. आज त्याच फोर्ट पिअर्समध्ये तिच्या आयुष्याशी जोडलेल्या जागा दाखवणारे फलक लावलेले आहेत.

हा भाग मी कार्यक्रमात वाचणार होते, पण मला तो पुरा वाचता आला नाही. माझ्या सासूबाईंची एक वही होती, तांबड्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. त्या फक्त चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या आणि फुगडीची गाणी त्यांनी पेन्सिलीने त्या वहीत उतरवली होती. त्या गेल्यानंतरच्या वर्षी चतुर्थीच्या आधी घर साफ करताना माळ्यावरची रद्दी न्हाणीघरातल्या चुलीपाशी ठेवली गेली आणि आठवडाभर पाणी तापवायला वापरली गेली. ती रद्दी मीच खाली काढली होती. वही आठवली तेव्हा राखेत शिवणीचा जळका दोरा तेवढा सापडला. त्या वाटेने कोणी जात नव्हते.

कार्यक्रम संपताना बौद्धवाडीतल्या एका आजींनी आणखी एक ओवी म्हटली. भाऊ होडीतून भाऊबीजेला येतो आणि खाडीला भरती नसल्यामुळे होडी अडते, अशी ती आहे. ती मी ओळखली. सासूबाईंच्या वहीत ती होती, डाव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात. आजींनी सांगितले की, लहानपणी त्या आमच्या अंगणात भात कांडायला येत आणि त्या व सासूबाई मिळून गात. पडवीबाहेर पाय धुवायच्या दगडापाशी उभ्या राहून मी ती ओवी त्यांना म्हणून दाखवली. त्यांनी मला दोनदा थांबवले. तिसऱ्यांदा त्या "व्हय, अशीच" म्हणाल्या. वाचनालयाने आता एक दोनशे पानी रजिस्टर घेतले आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर ती ओवी आहे. तिची शेवटची दोन कडवी आजींना आठवत नाहीत. त्यांची धाकटी बहीण वेंगुर्ल्याला असते, तिला येत असावीत असे त्या म्हणतात, म्हणून शिमग्याला आम्ही दोघी तिच्याकडे जाणार आहोत.